आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव हवं

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. कुणीही विचारलं की "बरी आहे" एवढंच सांगते. दम लागत असला तरी, रात्रभर डोळा लागला नसला तरी. आमच्या जुन्या डॉक्टरांना हे ठाऊक होतं. ती तपासणीच्या खोलीत शिरली की ते आधी तिच्या पायांकडे बघायचे आणि मग "काय म्हणता?" असं विचारायचे. बावीस वर्षं ते तिला बघत होते. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. त्यांच्या रुग्णांनी पुढे कुणाकडे जायचं, हे कुणीच ठरवलं नव्हतं.

गेल्या वर्षी आईला खोकला लागला. वेळ घेण्यासाठी सकाळी आठला फोन सुरू व्हायचा आणि आठ वीसपर्यंत त्या दिवसाच्या सगळ्या वेळा संपलेल्या असायच्या. रोज फोन लावून शेवटी मिळाली ती एकोणीस दिवसांनंतरची वेळ. पुढच्या दोन महिन्यांत तीन डॉक्टर झाले, तिन्ही वेळा नवा चेहरा. दहा मिनिटांतली सहा-सात मिनिटं मागचं सगळं पुन्हा सांगण्यातच जायची. तिघांनीही नीट ऐकून घेतलं, तिघांनीही खोकल्याचं औषध दिलं. चौथ्या डॉक्टरांनी तिला मोजे काढायला सांगितले. मोज्याच्या इलॅस्टिकची खोल खाच घोट्याच्या वर उमटली होती. बोटाने दाबलं की पडलेला खड्डा तसाच राहत होता. दुखणं हृदयाचं निघालं. हृदयाची ताकद कमी झाली की पायांवर सूज येते, फुप्फुसांत पाणी साचतं आणि आडवं झालं की खोकला उसळतो.

पहिल्या तिघांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. जिला आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय तिचं "बरी आहे" कुणीही खरंच मानणार. पण तिला ओळखणारा डॉक्टर असता तर हे दोन महिने गेले नसते, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझं मागणं असं आहे, महोदय: प्रत्येकाला आपला डॉक्टर निवडता यावा, आणि त्याच डॉक्टरांकडे वेळेत जाता यावं. यातलं एक देऊन दुसरं काढून घेऊ नका. इंग्लंडमध्ये 2000 साली आखलेल्या योजनेत 48 तासांत डॉक्टरांची भेट मिळावी असं उद्दिष्ट होतं. हेतू चांगलाच होता. पण आकडा गाठायचा म्हणून अनेक दवाखान्यांनी आगाऊ वेळ देणंच बंद केलं. पुढच्या आठवड्यात आपल्याच डॉक्टरांना भेटायचं असेल तर त्या दिवशी सकाळी फोन करा, असं लोकांना ऐकावं लागलं. 2010 मध्ये ते उद्दिष्ट मागे घेण्यात आलं. घाई मोजली गेली, ओळख मोजलीच गेली नाही.

नॉर्वेने 2001 पासून दुसरी वाट धरली. तिथे प्रत्येक रहिवाशाला ठरावीक डॉक्टरांच्या यादीत नाव नोंदवण्याचा हक्क आहे आणि पटलं नाही तर डॉक्टर बदलताही येतो. तिथल्या सुमारे 45 लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास झाला. एकाच डॉक्टरांकडे 15 वर्षांहून जास्त काळ जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, जेमतेम वर्षभराची ओळख असणाऱ्यांपेक्षा सुमारे 25 टक्के कमी आढळलं. तातडीने रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाणही तितक्याच ठळकपणे कमी होतं. अशा अभ्यासातून कारण पुरतं सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण ओळख जसजशी जुनी, तसतसा धोका कमी, असा चढता क्रम त्यात दिसतो. तो मला दुर्लक्ष करण्यासारखा वाटत नाही. नॉर्वेतही अलीकडे डॉक्टरांचा तुटवडा आहे. नुसत्या कायद्याने डॉक्टर तयार होत नाहीत, त्यासाठी फॅमिली डॉक्टर व्हायला येणाऱ्या तरुणांना मान आणि मोबदला दोन्ही द्यावे लागतील.

निवडायचं तर माहिती हवी. आईला पदव्यांची रांग नको आहे. नव्या रुग्णांसाठी यादीत जागा आहे का, डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात, तिची भाषा त्यांना येते का, ते रजेवर असताना तिला कोण बघणार, एवढं तिला आधी कळायला हवं. आणि एका डॉक्टरांच्या यादीत किती माणसं असावीत, याला मर्यादा हवी. ती नसेल तर नाव नोंदलेलं राहील, भेट मात्र मिळणार नाही.

वेळेचं म्हणाल तर रोजच्या काही वेळा त्याच दिवशीच्या दुखण्यांसाठी मोकळ्या ठेवता येतात. उरलेल्या, नियमित तपासणीवाल्यांना आगाऊ देता येतात. प्रतीक्षा मोजायची एक साधी रीत जगभर वापरतात: आज विचारलं तर तिसरी मोकळी वेळ किती दिवसांनी आहे ते बघायचं. पहिली मोकळी वेळ कुणीतरी ऐनवेळी रद्द केलेली असू शकते, तिच्यावरून फसगत होते. हा आकडा प्रत्येक दवाखान्याने दर महिन्याला जाहीर करावा, असा आदेश आपण काढू शकता. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा हवा: किती भेटी रुग्णाच्या स्वतःच्या डॉक्टरांबरोबर झाल्या.

आईची पुढची तपासणी सहा आठवड्यांनी आहे. चिठ्ठीवर तारीख आहे, वेळ आहे, खोलीचा क्रमांक आहे. डॉक्टरांच्या नावापुढची जागा कोरी आहे. तिने ती चिठ्ठी चष्म्याच्या डबीत ठेवली आहे आणि मला दोनदा विचारलं, "या वेळी कोण असतील गं?"

आपली,
एक मुलगी