तांब्याच्या तारेपाशी थांबलेल्या मामांना

मामा, नमस्कार.

नाव लिहू नको म्हणालात, म्हणून नुसतं मामा. कॉलेजच्या लॅबमध्ये बाटल्या धुण्यात जन्म गेलेल्या तुम्हाला आमची खानापूरची गल्ली याच नावानं ओळखते.

लेक दहावीपर्यंत मराठी शाळेत, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम सगळं इंग्रजी. ट्यूशनवाल्यांनी वर्षाची फी जूनमध्येच मोजून घेतली आणि दिवाळीला सांगितलं, "हिला दहावीचंच येत नाही, आर्ट्सला घाला." समीकरणं पाठ करून घेतली, पण धातूचा एक तुकडा दाखवला नाही. शाळेतही कपाटाला कुलूपच होतं म्हणा.

तुम्ही अंगणात बसवलंत, आपला चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवलात. "झिंक म्हणजे आपलं जस्त, कन्नडात सतु. बुडबुडे तेच." विरल हायड्रोक्लोरिक आम्लात मॅग्नेशिअमची फीत पडली आणि काचेची नळी हाताला चटका देण्याइतकी तापली. जस्ताचे बुडबुडे संथ, एका लयीत. नळीच्या तोंडाशी जळती काडी नेली तर हायड्रोजन फट्कन वाजला, आणि पोरगी कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. लोखंडाचा खिळा रेंगाळत होता.

मग तांब्याची तार. काहीच होईना. लेकीचा चेहरा उतरला, "माझंच चुकलं असणार." तुम्ही नळी काढून घेतली नाहीत, उत्तरही सांगितलं नाहीत. तिच्याशेजारी पाटावर बसलात आणि चांगली १५ मिनिटं दोघं त्या गप्प तारेकडे बघत राहिलात. चहा निवला. मग म्हणालात, "काही झालं नाही, हे लिही की. तेही निरीक्षणच."

मी दारात उभी होते, मामा. पदर डोळ्याला लावला.

हायड्रोजनला हुसकावायची धमक तांब्यात नाही, धातूंच्या क्रियाशीलतेच्या श्रेणीत ते त्याच्या खाली, हे नंतर आलं. नायट्रिक आम्लाची गोष्ट वेगळी, त्यात तांबंही विरघळतं, पण तो तपकिरी धूर विषारी, म्हणून ते तोंडीच सांगितलंत. पैशाचं पाकीट पुढे केलं तर रागावलात. अशी माणसं अजून गल्लीबोळांत आहेत, पाटीबिटी न लावता बसलेली.

देव्हाऱ्यातला तांब्या आता तीच चिंचेनं घासते आणि मलाच शिकवते, "आई, चिंच वरचा काळा थर खाते, खालचं तांबं नाही."

रविवारी या. बेळगावहून कुंदा मागवलाय.

तुमची,
तिची आई