गाठोडं पडतं ते सांगायचं राहिलं

सांगली
मंगळवार, 5 ऑगस्ट 2025

प्रिय अव्या,

आधी शिव्या घालून घे, मग पुढं वाच. तुझ्या फेब्रुवारीतल्या पत्राला उत्तर दिलं नाही, वास्तुशांतीला आलो नाही, आणि मे महिन्यात तू मिरज स्टेशनवरनं फोन केलास तेव्हा मी खरंच आंघोळीला गेलो होतो. यावर फक्त तुझ्या बायकोचा विश्वास बसेल, ती साधी आहे. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, डावा गुडघा पावसात कुरकुरतो, डोळ्याचं दिवाळीनंतर बघू.

फोन करत नाही, कारण फोनवर तू मधे बोलतोस. आमच्या हिला सगळं सांगून बघितलं. ती म्हणाली, "मग काय झालं? बोलले ना ते? चांगलंच झालं की." आता तूच उरलास.

शिऱ्या बोलला, अव्या. तसा तो बोलतोच. मारुती रोडला दिसला की "काय, बरं?" आणि मी "बरं." चौदा वर्षं एवढंच. परवा मात्र चाळीस-पन्नास माणसांत उभा राहून बोलला, आणि तो काय बोलला ते कळायला तिथं तू हवा होतास.

आमच्या वाचनालयाला ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मैत्रीवर काहीतरी लागतं. गेल्या वर्षी कृष्ण-सुदामा, त्याच्या आदल्या वर्षीही कृष्ण-सुदामा. पोहे संपले लेका! यंदा माझी पाळी आली. विषय मीच दिला, 'गोष्टीतले दोस्त'. तुला आठवत असतील त्या सगळ्या जोड्या काढल्या. हसू नकोस, टिपणं काढली होती.

सुरुवात 'अशी ही बनवाबनवी'नं केली. ते सांगलीत कुठंही चालतं. धनंजय माने म्हटलं की पुढच्या रांगेतल्या पोरीसुद्धा हसतात, ज्यांचा जन्म पिक्चर आल्यावर वीस वर्षांनी झाला. त्या चौघांतले दोघं, लक्ष्या आणि सिद्धार्थ रे, एकाच वर्षी गेले, 2004 साली. ते मी सांगितलं आणि लगेच पुढं सरकलो, कारण हसणारं सभागृह एकदम गप्प झालं की मला पुढचं सुचत नाही.

मग 'शोले'. येत्या पंधरा तारखेला 50 वर्षं होतायत. सगळ्यांना वाटलं मी नाण्यावर येणार. दोन्ही बाजू सारख्या, जय मुद्दाम स्वतःकडं मरण ओढून घेतो, वगैरे. ते कोणीही सांगेल. मी घेतला मावशीचा सीन. मित्राचं लग्न ठरवायला गेलेला जय मावशीसमोर वीरूची बाजू मांडतो, आणि बाजू मांडता मांडता जुगार, दारू, गाणाऱ्या बाईचं घर, एकेक बाहेर काढत जातो. प्रत्येक कौतुकातनं एक भानगड. लोक खो-खो हसले. मीही हसलो, आणि मधेच घसा कोरडा पडला. घरी चार वेळा तयारी केली होती रे, पण हा सीन आपण का निवडला ते तिथं उभं राहिल्यावर कळलं. शिऱ्याला मी तोवर बघितलंही नव्हतं.

होम्सचं सांगताना तुझी आठवण काढली, नाव न घेता. 'माझा एक बडोद्याचा मित्र' म्हणालो. आपलं ते भांडण आयर्विन पुलावर उभं राहून किती वर्षं चाललं! माझं म्हणणं, वॉटसनला तीन वर्षं मेल्याचं सोंग दाखवणारा माणूस मित्र कसला? 1891 ला धबधब्यात पडला म्हणून याने रडून घेतलं, आणि 1894 ला हे महाशय म्हाताऱ्या पुस्तकवाल्याच्या वेशात दारात. वॉटसन बिचारा चक्कर येऊन पडला. तुझं म्हणणं, होम्सनं कारण दिलंय ना. तो वॉटसनला म्हणतो, 'तुझी माझ्यावर माया आहे, त्या मायेपोटी तू काहीतरी बोलून बसशील आणि माझं गुपित फुटेल, म्हणून कळवलं नाही.' तुला ते वाक्य फार आवडायचं. दुसऱ्या गोष्टीत वॉटसनच्या मांडीला गोळी चाटून गेल्यावर होम्सचा आवाज कसा फुटतो, ते मी दर वेळी तुझ्या तोंडावर फेकायचो, आणि तू म्हणायचास, "गोळी लागल्यावर माया वाटायला काय जातंय? आधी गप्प राहता आलं पाहिजे."

तर तुझं ते तत्त्वज्ञान तू 2011 साली वापरलंस, ते मला ठाऊक आहे. शिऱ्याला तू बजावलं होतंस, "मध्याला यातलं काही सांगू नकोस, त्याच्या पोटात राहत नाही." हे मला त्यानंच सांगितलं, हसत हसत. आणि वर मार्चअखेरचं सगळं सांगितलं. यावरून मी तुझ्याशी आठ महिने अबोला धरला होता. तो अबोला तुझ्या लक्षातच आला नाही, हा भाग वेगळा.

आता मैत्रेय. हा घेतल्याशिवाय हरिपूर जवळ असलेल्या गावात मैत्रीवर बोलायचं म्हणजे पाप. देवलांनी 'मृच्छकटिक' मराठीत आणलं, ते हरिपूरचेच. चारुदत्त कफल्लक झाल्यावर सगळे पांगतात, हा एक खादाड बामण तेवढा उरतो. वसंतसेनेनं विश्वासानं ठेवायला दिलेली दागिन्यांची पेटी हा झोपेत बरळत चोराच्या हातात देतो, चारुदत्तच समजून! वर सकाळी सल्ला देतो, की कुणी ठेव दिलीच नाही म्हणून सांगू. हे सगळं रंगात येऊन सांगत होतो, आणि पंख्याखालच्या शेवटच्या खुर्चीत शिऱ्या दिसला. छत्री दोन गुडघ्यांत धरून. टक्कल वाढलंय. वहिनी नव्हत्या.

पुढचा प्रवेश न्यायालयाचा. वसंतसेनेचा खून चारुदत्तानंच दागिन्यांसाठी केला, असा शकाराचा आरोप. मैत्रेय मित्राची बाजू घ्यायला धावत येतो, शकाराच्या अंगावर जातो, आणि झोंबाझोंबीत याच्या काखेतनं तिचेच दागिने सगळ्यांसमोर खाली पडतात. परत करायला म्हणून याच्याकडं दिलेले. झालं, पुरावा मिळाला. आणि चारुदत्त मित्राला एका शब्दानं बोलत नाही.

हे मी खाल्लं, अव्या. टिपणाचा तो कागद खाली सरकवला आणि "शेवटी वसंतसेना जिवंत निघते, सगळं गोड होतं" म्हणून मोकळा झालो. टाळ्या पडल्या. कुणी काही विचारणार का, असं अध्यक्षांनी रीतीप्रमाणं म्हटलं. कधीच कुणी विचारत नाही. शिऱ्या उठला.

"गाठोडं पडतं ते सांगायचं राहिलं," म्हणाला.

मी काय बोलणार? "वेळ कमी होता," म्हटलं. तर हा म्हणतो, "मी सांगू का?" आणि सांगितलं की त्यानं! शकाराचं ते 'श'मधनं बोलणं, कंबर मोडून चालणं, सगळं 84 च्या गॅदरिंगसारखं. एकसष्ट वर्षांचा माणूस, छत्री हातात. लोक खुर्च्यांवरनं पडायचे बाकी होते. आणि बसताना माझ्याकडं बघून म्हणाला, "आमच्या वेळी मात्र ते पडलंच नव्हतं."

परत हशा. चहा झाला तेव्हा तो नव्हता.

आता सांग, याचा अर्थ काय? दोन दिवस झोप नाही.

गॅदरिंगचं म्हणावं तर खरंच आहे. सरांनी बसवलेला प्रवेश, मी मैत्रेय, तो शकार, तू सामान सांभाळायला. पिवळ्या फडक्यात पितळी बांगड्या. मी उड्या मारतोय, काख हलवतोय, गाठोडं घट्ट. शेवटी या पठ्ठ्यानं माझ्या काखेत हात घालून ते उपसून काढलं, "हे पहा" म्हणून ओरडला आणि प्रवेश वाचवला. उत्तेजनार्थ बक्षीस त्यालाच मिळालं.

पण 2011 च्या त्या सभेचं म्हणावं तर? त्या मंगल कार्यालयात कुणीतरी मार्चच्या हिशेबावरनं उगाच खोचक बोललं. बोलून गप्प बसणारच होतं ते. शिऱ्या खाली मान घालून बसलेला. आणि मी उठलो. "अहो, कॅश चाळीस हजारांनी शॉर्ट आली तेव्हा या माणसानं बायकोच्या बांगड्या गहाण टाकून एका रात्रीत भरले!" मला वाटलं टाळ्या पडतील. कॅश शॉर्ट आल्याचं तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढं चौकशी, राजीनामा. चूक त्या नवीन पोराची होती, हे त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. आणि मला काही बोलला नाही. एकदा आईमाईवरनं शिव्या दिल्या असत्या तर मी त्याच्या ओट्यावर बसून रडलो तरी असतो. 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, गावभागात त्याचं घर बुडालं, तर विश्रामबागला माझ्याकडं वरची खोली रिकामी असताना हा मिरजेला मेव्हण्याकडं गेला. मी दोनदा फोन केला. "गैरसोय नको," म्हणाला. गैरसोय!

मग 'आमच्या वेळी पडलं नव्हतं' म्हणजे काय? गॅदरिंगची नुसती गंमत? का 'तेव्हा पडायला हवं होतं तेव्हा पडलं नाही, आणि नको तेव्हा पाडलंस' असा टोला? का खरंच म्हणायचंय, की जाऊ दे, काही पडलंबिडलं नाही? हसताना डोळे हसत होते का, ते मला एवढ्या लांबनं दिसलं नाही. म्हणतोय ना, डोळ्याचं दिवाळीनंतर.

काल संध्याकाळी त्याच्या गल्लीपर्यंत गेलो. कोपऱ्यावर भडंग घेतलं, पाव किलो, आणि परत आलो. वहिनींच्या हातात बांगड्या आहेत का नाहीत, ते दारात उभं राहून बघितलं गेलं असतं माझ्याकडनं. तेवढ्यासाठी फिरलो.

तुझं म्हणजे, नातीचं बारसं झालं, फोटो बघितला, नाक तुझं आहे, बिचारी. घराचा रंग छान. बडोद्याला पाऊस आहे का? नोकरीचं एक्स्टेंशन मिळालं तर घे, घरी बसलास तर वहिनींना त्रास.

पण गणपतीत ये. 27 तारखेला बसतात. दोघं मिळून त्याच्याकडं आरतीला जाऊ, म्हणजे मी काही बोलायला लागलो तर तू पाय दाबशील. आणि ते जमत नसेल तर निदान एक लिही. चाळीस वर्षं तू शपथेवर नाही म्हणतोयस, पण त्या पिवळ्या फडक्याला निरगाठ मारली होती ती तूच ना? मी सुरगाठ मार म्हणून दोनदा सांगितलं होतं.

तुझा,
मध्या

ता. क. भडंग वेगळं पाठवतोय. तू म्हणतोस म्हणून या वेळी लसूण जास्त घालून घेतलाय. पाकीट फुटलेलं आलं तर मला दोष देऊ नकोस.