लाल टोपण की नारिंगी?

महोदय,

मधुमेहावर पथ्यपाणी, चालणे, कारल्याचा रस याविषयी भरपूर छापून येते. इन्सुलिनच्या सिरिंजच्या टोपणाबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. वॉर्डात आणि घरात सर्वांत सहज होणारी चूक तिथेच होते.

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळते. कुपीतले बहुधा एका मिलीत ४० युनिट, पेनच्या (पेनासारखे दिसणारे इन्सुलिन टोचायचे उपकरण) कार्ट्रिजमधले, म्हणजे आतल्या नळीतले, १०० युनिट. ग्लार्जिनसारख्या काही इन्सुलिनच्या कुप्याही १०० च्या येतात, त्यामुळे ‘कुपी म्हणजे ४०’ हा ठोकताळा उपयोगाचा नाही. लेबल वाचावेच लागते. सिरिंजही दोन प्रकारच्या : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. खुणाही त्याच हिशेबाच्या : लालवर ४० ची खूण म्हणजे एक मिली, नारिंगीवर १०० ची. ४० च्या कुपीला लाल, १०० च्या कुपीला नारिंगी, एवढेच पाळायचे.

न पाळल्यास काय होते? डॉक्टरांनी २० युनिट लिहिले, कुपी ४० ची, पण मेडिकलवाल्याने नारिंगी सिरिंज दिली. २० च्या खुणेपर्यंत भरले तर आत येते ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. शुगर उतरत नाही. पुढच्या भेटीत डोस वाढतो, ३० होतो, ४० होतो. ४० च्या खुणेलाही प्रत्यक्षात १६ युनिटच जात असतात. मग एखाद्या दिवशी दुसऱ्या दुकानातून लाल सिरिंज येते किंवा रुग्ण दाखल होतो आणि सिस्टर कागदावरचे ४० युनिट अगदी बरोबर मोजून देते. शरीराला सवय १६ ची, मिळाले ४०, अडीचपट. सिस्टरची चूक शोधून सापडणार नाही. म्हणून दाखल होताना ‘किती युनिट घेता?’ एवढे विचारून भागत नाही. घरची कुपी आणि सिरिंज आणायला सांगून दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.

उलटा घोळ तर त्याच क्षणी जिवावर बेततो. पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमध्ये लाल सिरिंज खुपसून २० च्या खुणेपर्यंत ओढले, तर अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट जातात. कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध काढूच नये.

शुगर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड होते. वयस्कर रुग्ण नुसते असंबद्ध बोलतात आणि घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. तिथे डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचे सलाईन, शिरेतून देतात.

मुळातच गढूळ दिसणाऱ्या इन्सुलिनची कुपी खसाखसा हलवू नये, तळव्यांत दहा-वीस वेळा घोळवावी. तळाशी साका राहिला तर आज पातळ डोस जातो आणि कुपी संपता संपता दाट.

बंदोबस्त फारसा खर्चिक नाही. वॉर्डाच्या ट्रेमध्ये एका वेळी एकाच ताकदीची कुपी आणि तिचीच सिरिंज असावी. डोस भरल्यावर दुसऱ्या सिस्टरने कुपी, सिरिंज, खूण आणि केसपेपर स्वतः पाहावे. पहिलीने आकडा सांगायचा आणि दुसरीने मान डोलवायची, ही तपासणी नव्हे. रात्रपाळीत चाळीस रुग्णांमागे एकच सिस्टर असेल तर ही दुसरी आणायची कुठून, याचे उत्तर भरती करणाऱ्यांनी द्यावे. डॉक्टरांनी ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा. दहाच्या आकड्याला चिकटलेला इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. केमिस्टने कुपी पाहिल्याशिवाय सिरिंज देऊ नये. आणि घरच्यांनी ‘वीस रेघा’ म्हणणे सोडून ‘४० च्या कुपीतले वीस युनिट’ म्हणावे.

– एक परिचारिका, सोलापूर