जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या

महोदय,

दसरा-दिवाळीच्या तोंडावर जुन्या गाड्यांचा बाजार तापतो आणि रंग, सीटकव्हर व किलोमीटरचा आकडा पाहून बयाणा दिला जातो. आकडा मागे फिरवता येतो. ब्रेक पेडलचे झिजलेले रबर लपत नाही.

गाडी सकाळी पाहावी, आधी सुरू करू नका असे मालकाला बजावून. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील किंवा पिस्टन रिंग झिजल्याची शंका घ्यावी. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय असेल तर हेड गॅस्केट (इंजिनमधले तेल आणि कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, एकमेकांत मिसळू न देणारी पट्टी) संशयास्पद. पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनीही थोडी साय धरते, म्हणून कूलंटमध्ये तेलाचा तवंग आहे का तेही पाहावे. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर गाळाचा डाग बहुधा दिसतो.

टायरवरचा ‘२३१९’ म्हणजे तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. चौदा वर्षांची गाडी स्वस्त वाटते, पण लगेच फेरनोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर येतो. दिल्लीची दहा वर्षांची डिझेल गाडी घेणाऱ्यांनी एनओसी (तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र) आणि इथला रस्ता कर किमतीत धरावा. गाडीवरचे कर्ज फिटले असेल तर कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५, हस्तांतरासाठी २९ आणि ३० मालकाच्या सहीसह घ्यावेत. विमा १४ दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

— एक गॅरेजचालक, पुणे