तक्रार: पेन ड्राइव्ह दिसत नव्हता म्हणून मदरबोर्ड बदलायला सांगितला

नमस्कार साहेब,

सोलापुरातनं लिहितोय, अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. तुमचा लॅपटॉप घेऊन चौदा महिने झाले, वॉरंटी संपलीय. मागच्या महिन्यात अपडेट अर्धवट अडकला आणि विंडोज उघडेना, म्हणून पेन ड्राइव्हवरनं टाकायला घेतलं. तोच पेन ड्राइव्ह माझ्या 2012 च्या जुन्या लॅपटॉपवर बूट होतो, म्हणजे त्यावरनं मशीन चालू होतं, तुमच्या बूट मेनूत (कशावरनं चालू करायचं त्या यादीत) मात्र दिसतच नव्हता.

तुमच्या मॅन्युअलमध्ये बूट मोडच्या पानावर 'लेगसी' (जुन्या पद्धतीनं बूट करायचा) ऑप्शन फोटोसकट छापलाय. माझ्या सेटिंगमध्ये तो नाहीच, तीन-तीनदा बघितलं. हेल्पलाइनला चार फोन केले, दरवेळी नवा माणूस आणि पहिल्यापासनं सगळं सांगायचं. त्यातल्या एकानं सिक्युअर बूट (खात्रीचं सॉफ्टवेअरच चालू होऊ देणारी सेटिंग) बंद करायला लावलं, केलं, तर लॅपटॉप निळ्या स्क्रीनवर बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) 48 आकडी रिकव्हरी की मागायला लागला. की आधी हाताशी ठेवा एवढं तरी सांगायचं ना! आत सगळी बिलं, जीएसटीचा हिशोब, माझे हातपाय गळाले. शेवटी मुलीच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर की सापडली, रात्री साडेअकराला ती वाचून दाखवतेय आणि मी टाकतोय, सहा-सहा आकड्यांचे आठ गट.

मग सर्व्हिस सेंटरला नेला. तपासणीचे 590 रुपये घेतले आणि सांगितलं यूएसबी पोर्ट गेलाय, मदरबोर्ड बदला, 18,500 होतील. अहो, त्याच पोर्टला माऊस चालत होता, मी त्यांच्या टेबलावर लावून दाखवला तरी ऐकेनात.

भाच्यानं घरी वीस मिनिटांत उलगडा केला. पेन ड्राइव्ह जुन्या बायोससाठी (मशीन चालू करणारा आतला जुना प्रोग्राम) बनवलेला होता, एमबीआर ही जुनी मांडणी आणि एनटीएफएस हा फाइल फॉरमॅट. तुमच्या मशीनला फक्त यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) कळतं, ते पेन ड्राइव्हवर फॅट32 या फॉरमॅटचा भाग आणि त्यात ईएफआय फोल्डरमधली बूट फाइल शोधतं, ती नसली की पेन ड्राइव्ह यादीतच घेत नाही. त्यानं रुफस या पेन ड्राइव्ह बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जीपीटी (एमबीआरच्या जागची नवी मांडणी) आणि यूईएफआय निवडून तोच पेन ड्राइव्ह परत बनवला, सिक्युअर बूट परत चालू केलं आणि लगेच बूट झाला.

लेगसी काढलं त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, इंटेलनं 2017 मध्येच 2020 पर्यंत ते बंद करणार म्हणून सांगितलं होतं. पण मग मॅन्युअल का नाही बदललं? आणि हेल्पलाइनच्या एकानेही पेन ड्राइव्ह कुठल्या मोडसाठी बनवलाय हे का नाही विचारलं? भाचा नसता तर मी 18,500 भरले असते.

माझे 590 रुपये परत करा, मॅन्युअलचं ते पान दुरुस्त करा, आणि सिक्युअर बूटला हात लावायला सांगण्याआधी रिकव्हरी कीचं विचारायचं हे तुमच्या माणसांना सांगा. बिल आणि तपासणीची पावती सोबत जोडलीय. उत्तर लेखी पाठवा, फोन नको.