मराठीही दहा बोटांनी टाइप करायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुटीत माझी नववीतली नात महिनाभर आमच्याकडे होती. लॅपटॉपवर मराठी निबंध लिहिताना ती रोमन अक्षरं टाइप करायची आणि समोर येणाऱ्या यादीतून मराठी शब्द निवडायची. के-ए-एल टाइप केलं की काल, काळ, कळ, कल असं सगळं यायचं. 'दिन' की 'दीन' हेही ती यादी बघूनच ठरवायची. इंग्रजी मात्र ती खाली न बघता भराभर टाइप करते, कारण ते तिला शाळेत शिकवलंय.

मी १९८३ साली तालुक्याच्या गावी टायपिंग क्लास केला. कळा दिसू नयेत म्हणून सर आमच्या हातांवर रुमाल टाकायचे. त्या सवयीवर माझी लिपिकाची सगळी नोकरी झाली. शेवटच्या काही वर्षांत कार्यालयात संगणकावर इन्स्क्रिप्ट शिकावं लागलं आणि एवढी सोपी गोष्ट आपल्याला आधी कुणी का दाखवली नाही, याची हळहळ वाटली.

इन्स्क्रिप्ट ही सरकारने प्रमाण मानलेली कळरचना आहे. तिच्यात काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. क ची कळ शिफ्टसह दाबली की ख, त्याच रीतीने ग चा घ, त चा थ, ल चा ळ. ऱ्हस्व वेलांटी आणि ऱ्हस्व उकार बोटं टेकवायच्या मधल्या ओळीत, दीर्घ त्यांच्या वरच्या ओळीत. म्हणजे 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक डाव्या तर्जनीला करावा लागतो, यादीवर सोपवता येत नाही. शुद्धलेखनाचा इतका चांगला सराव मला दुसरा माहीत नाही. हीच रचना हिंदी, गुजराती, कन्नडलाही चालते. क ची कळ तिथेही तीच.

नातीला मी रोज अर्धा तास बसवलं. 'पत्र' हा शब्द तिला फार आवडला, कारण त्याच्या चारही कळा (प, त, पाय मोडायची खूण, र) मधल्या ओळीतच आहेत. पहिला आठवडा ती कंटाळली. चौथ्या आठवड्यात तिने मावशीला पानभर पत्र टाइप केलं, कळांकडे न बघता. कळांवर अक्षरांचे स्टिकर मी मुद्दाम लावले नव्हते. त्यांनी नजर खालीच राहते.

लिपिक-टंकलेखकाच्या भरतीला मराठी ३० शब्द प्रतिमिनिट वेग लागतो, म्हणून मुलं पदवीनंतर घाईघाईने क्लास लावतात. तोवर बोटांना चुकीच्या सवयी लागलेल्या असतात. हेच सहावी-सातवीत संगणकाच्या तासाला का शिकवू नये? विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट आधीपासूनच असते, वेगळा खर्च नाही. शिक्षण विभागाने आणि मुख्याध्यापकांनी याचा विचार करावा, ही कळकळीची विनंती. आमच्या भागातल्या शाळेने बोलावलं, तर आठवड्यातून दोन दिवस विनामूल्य शिकवायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त लिपिक, सातारा