टर्नटेबल घेण्याआधी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, सोबतचा त्या महागड्या टर्नटेबलचा फोटोही पाहिला. यंत्र देखणं आहे यात वादच नाही. "एवढे पैसे घालावेत का, एका शब्दात सांग," म्हणतोस. आवाजासाठी म्हणशील तर नको. आता एका शब्दावर मी थांबणारा नाही, हे तुला ठाऊकच आहे.

टर्नटेबलचं काम मोजकं. तबकडी ठरलेल्या वेगाने फिरवायची आणि स्वतःची घरघर सुईपर्यंत पोचू द्यायची नाही. वेगाचा प्रश्न तर केव्हाच सुटला. टेक्निक्स या जपानी कंपनीने १९७० मध्ये एसपी-१० हे टर्नटेबल काढलं, तेव्हा मोटरपासूनचा मधला पट्टाच काढून टाकला आणि मोटर थेट प्लॅटरखाली, म्हणजे तबकडी ठेवायच्या थाळीखाली बसवली. त्यांच्याच १९७९च्या एसएल-१२०० एमके२मध्ये वेगातला चढउतार फक्त ०.०२५ टक्के होता. डीजे मंडळींनी ते वर्षानुवर्षं राबवलं, म्हणजे नाजूक प्रकृतीचंही नव्हे.

आता तबकडीकडे ये. तिचं भोक नेमकं मध्यावर असतंच असं नाही. समजा ते ०.२ मिलिमीटर सरकलंय. सुई शेवटच्या गाण्यावर, केंद्रापासून साठेक मिलिमीटरवर आली की तेवढ्यानेही सूर ०.३३ टक्के वर आणि तितकाच खाली जातो, दर १.८ सेकंदांनी एकदा. (मघाचे ०.०२५ आणि हे ०.३३, हे दोन आकडे मोजायची पद्धत एकच नाही, पण कुठला दोष मोठा ते कळायला पुरेसे आहेत.) जरा वाकून समोरून बघ, टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, डावी-उजवीकडे डुलताना दिसेल. पियानोचा लांबलेला सूर असेल तर कानालाही समजतं, कारण पियानोचा सूर आपणहून हलत नाही. तुझं ते महागडं यंत्र हे डुलणंसुद्धा इमानेइतबारे वाजवणार! यावर इलाज केला होता नाकामिची कंपनीच्या टीएक्स-१००० या टर्नटेबलने, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. तबकडी किती सरकलीय ते मोजून ते तिला आपोआप मध्यावर आणायचं. तेही भयंकर महाग होतं, पण त्या पैशांच्या बदल्यात काहीतरी ऐकू येत होतं. आजच्या बहुतेक महागड्या यंत्रांत ही सोय नसते.

दुसरी अडचण तबकडीच्या जन्मापासूनची आहे. बाहेरच्या कडेला गाणं कोरलेली खाच सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर सरकते, आतल्या टोकाला जेमतेम वीस सेंटिमीटर. तेवढ्या कमी जागेत तेच बारीक आवाज कोंबलेले असतात, म्हणून शेवटच्या गाण्यात गाणाऱ्याचे 'स' आणि 'श' फाटतात. प्लॅटर कितीही जड केली तरी इथे तिचा उपयोग शून्य. फरक पडतो तो सुईच्या टोकाच्या घडणीने. शिबाटासारखं खास घडणीचं टोक खाचेच्या भिंतींना साध्या टोकापेक्षा नीट भिडतं. पैसे घालायचेच तर तिथे घाल.

मग एवढी किंमत कशाची? टेकडाससारख्या कंपन्या प्लॅटर हवेच्या गादीवर तरंगवतात, तबकडी खाली ओढून सपाट धरतात. कारागिरी अव्वल, नग मोजके, म्हणून भाव तसा. अगदी स्वस्त यंत्र आणि मधलं यंत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, तो मी नाकारत नाही. त्याच्या वर मात्र किंमत धावते आणि आवाज रांगतो. आणि महागडं यंत्र असलं की कान फसत नाही, असंही नव्हे. २०२२ मध्ये उघड झालं की मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या कितीतरी तबकड्या डिजिटल टप्प्यातून गेल्या होत्या. त्याआधी त्यांवर शुद्ध अ‍ॅनालॉग म्हणून स्तुतिसुमनं उधळणाऱ्यांत महागडी यंत्रं बाळगणारेही होतेच.

तरी ते यंत्र नुसतं बघत बसावं असं तुला वाटत असेल, तर खुशाल घे. हौसेला मोल नसतं. फक्त आवाजासाठी घेतलं असं मला सांगू नकोस.

तोवर आहे त्याच यंत्रावर एक कर. कार्ट्रिज (सुई बसवलेला टोनआर्मच्या टोकाचा भाग) बसवताना प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन तपासायच्या पट्टीवर, केंद्रापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरच्या खुणांपाशी ती सरळ रेषेत येते का, ते भिंग लावून तपास. सुईचा तबकडीवर पडणारा भारही काट्यावर मोज, अंदाजपंचे नको. तुझ्या टोनआर्मचं मॉडेल आणि कार्ट्रिज कुठली, तेवढं कळव. साजेशा दोन-तीन सुया सुचवतो.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश